पन्नाशीनंतर नवं काही शिकून खरंच उपयोग होतो का, की ते फक्त मन रमवणं असतं?

तुम्ही लिहिलंय की वय ५२, खासगी कंपनीत हिशेबाचं काम, मुलगी शिकायला बाहेरगावी, पैशाची ओढाताण नाही, तरी सकाळी उठलं की 'आज कशासाठी?' असं वाटतं.

आधी एक रुक्ष गोष्ट उरकते. झोप उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही जा. रिकामपण आणि आजार बाहेरून सारखेच दिसतात.

आता माझं. मी बँकेत कर्ज विभागात होते. पन्नाशी उलटल्यावर मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकायला लागले. कारण काही उदात्त नव्हतं. शनिवारी दुपारी वर्ग होता आणि मैत्रिणीला सोबत हवी होती. ती लवकरच गळाली, मी राहिले. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याला 'सर' म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळायची.

मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाची फिकीर नाही. मुळाक्षरं थोड्या दिवसांत येतात आणि आपल्याला वाटतं, जमलं. मग खरा कागद समोर येतो आणि एक ओळ लागत नाही. सरांचा नियम कडक होता: शब्द लागला नाही तर तिथे टिंबं द्यायची, अंदाजानं भरायचं नाही. वर्गातली कॉलेजची मुलं माझ्या कितीतरी आधी अक्षरं ओळखायची, पण टिंबं देणं त्यांच्या जिवावर यायचं. मला ते सोपं गेलं. इतकी वर्षं 'कागद अपुरा आहे, पुरा करून आणा' हेच तर सांगत आले होते. (घरीही फरक पडला. मुलाचं वाक्य पूर्वी मीच पुरं करायचे, आता टिंबं ठेवते.)

मग कालगणना. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, सन ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. त्यामुळे इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. जानेवारी १७६१चं पानिपत याच वर्षातलं. ही मिळवणी पहिल्यांदा बरोबर आली त्या रात्री मी झोपायला उशीर केला, एवढं सांगते.

एकदा ओळखीचे एक गृहस्थ आजोबांच्या ट्रंकेतला स्टँपपेपर घेऊन आले. घरात समज असा, की ही जमिनीची सनद. मला अक्षरं पुरती लागायच्या आत कागदाची चाल कळली. देणारा, घेणारा, रक्कम, मुदत, साक्षी. रुपये साठ, निमे तीस. रकमेत कुणी फेरफार करू नये म्हणून निम्मा आकडाही लिहायची जुनी पद्धत आहे. सनद कसली, कर्जरोखा होता! जन्मभर मी हेच वाचत आले होते, फक्त छापील फॉर्मवर. त्यांचा चेहरा पडला. पण खाली साक्षीदारांत पणजीच्या माहेरचं आडनाव निघालं, मग दोन वेळा चहा होईपर्यंत तोच विषय.

तर उपयोग होतो. पण 'पन्नाशी म्हणजे नवी विशी' हे सकाळी सकाळी येणारे मेसेज मला पटत नाहीत. पाठांतर विशीसारखं होत नाही, तासाभरात मान धरते. या वयात जमतं ते निराळं. आयुष्यभर जे काम केलं त्यातलं जाणतेपण नव्या विद्येत उतरतं. म्हणून कोऱ्या पाटीच्या मागे लागू नका. 'मराठी रियासत' हा इतिहास लिहिणारे रियासतकार गो. स. सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून १९२५ साली निवृत्त झाले, तेव्हा साठीचे होते. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले ते त्यानंतर, १९३०च्या दशकात. मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत लिहिला तो तर ऐंशीच्या घरात. आपण कुणी रियासतकार नाही, पण ते तरी निवृत्त होऊन अचानक इतिहासाकडे थोडेच वळले होते? राजपुत्रांना शिकवता शिकवताच 'रियासत' सुरू झाली होती.

शिवाय त्या कामाची कुणाला तरी गरज हवी. नुसता छंद सहा महिन्यांत कपाटात जातो. २०२३मध्ये जुन्या मोडी कागदांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारे किती थोडे उरलेत ते सगळ्यांना एकदम कळलं. तोवर आमचे हे माझ्या कागदांना रद्दी म्हणायचे, त्यानंतर पाहुण्यांना कौतुकानं दाखवायला लागले.

मोडीच शिका असं मुळीच नाही. शिकायची असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही चौकशी करा. पण तुमच्या हातात हिशेब आहे. जवळच्या बचत गटाच्या किंवा गावच्या देवस्थानच्या वह्या बघायला मागा. पावत्या पिशवीत कोंबलेल्या असतात, किर्द महिनोन्‌महिने लिहिलेली नसते आणि ऑडिट तोंडावर आलं की सगळ्यांची पळापळ होते. सुरुवातीला फक्त किर्द लिहा आणि त्यांच्यातल्याच एखाद्या पोरीला शेजारी बसवून शिकवा. वर्षभर तरी खजिनदार व्हायला सांगितलं तर नाही म्हणा.