पुस्तकाचे साल नेमके कोणते?

प्रश्न : ताई, ऐरोलीतल्या आमच्या छोट्या वाचनालयाची पुस्तके आम्ही तिघी मिळून संगणकावर चढवत आहोत. एका कादंबरीच्या शीर्षकपानामागे असे छापले आहे : 'पहिली आवृत्ती : मकरसंक्रांत, शके १८७७. दुसरी आवृत्ती : जून १९६३. पुनर्मुद्रण : २००४.' प्रकाशक तिन्ही वेळा एकच. एकीने साल १९५५ टाकले, दुसरीने १९६३ आणि मी २००४. आमच्यापैकी बरोबर कोण? शिवाय कित्येक जुन्या पुस्तकांवर सालच नाही. तिथे रकाना मोकळा सोडला तर चालेल का? कादंबरीतल्या एका पानाचा फोटो सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : १९६३ लिहा. तालिकेतले, म्हणजे पुस्तकांच्या नोंदयादीतले साल हातातल्या आवृत्तीचे असते. कादंबरी पहिल्यांदा कधी आली ही माहिती मोलाची आहेच, पण तिची जागा टीपेत. आणि जुनीच पाने पुन्हा छापली, तर आवृत्ती बदलत नाही.

२००४ साली जुनीच पाने छापली हे कशावरून, असे तुम्ही विचाराल. तुमच्याच फोटोवरून. त्या पानावर 'नांव', 'पांच', 'कांहीं' असे अनुस्वार जागोजागी आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली आले आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार हळूहळू छापील मराठीतून गेले. १९६३च्या पुस्तकात ते असणे स्वाभाविक आहे, कारण लेखक आणि छापखाने एका वर्षात सवय मोडत नाहीत. २००४ साली मजकूर संगणकावर नव्याने जुळवला असता, तर मुद्रितशोधकाने ते बहुधा काढले असते. फोटो मोठा करून आणखी एक गोष्ट पाहा. शिरोरेघ मध्येच तुटलेली आहे आणि 'भ', 'म' यांच्या गाठी शाईने भरून गेल्या आहेत. खिळ्यांनी, म्हणजे धातूची अक्षरे जुळवून छापलेल्या पानाचा फोटो घेऊन ऑफसेटवर छपाई केली की अक्षर असे दिसते.

तरीही खात्री करायची असेल, तर १९६३ची एखादी प्रत मिळवा. तुमच्यापासून ठाणे जवळ आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. दोन्ही प्रतींचे पन्नासावे पान उघडा. शेवटचा शब्द तोच आणि एकूण पृष्ठसंख्याही तीच असेल, तर आवृत्ती एकच. पाने जुळली नाहीत, तर तुमची प्रत नव्याने जुळवलेली आहे असे समजा, तिची नोंद स्वतंत्र करा आणि साल २००४ द्या. एवढा खटाटोप कशासाठी? कोणी अभ्यासक पृष्ठ क्रमांक देऊन उतारा घेतो, तेव्हा तो उतारा तुमच्या प्रतीत सापडणार की नाही, हे या सालावरून कळते. वाचनालय छोटे आहे म्हणून नोंद ढिली ठेवू नका.

काही प्रकाशक मजकुरात काहीही बदल नसताना 'सातवी आवृत्ती' असे छापतात. तिथे आपण वाद घालायचा नाही. छापले आहे तसे उतरवायचे आणि त्या सातव्या आवृत्तीचेच साल द्यायचे.

आता १९५५कडे वळते, कारण ही गफलत मराठी तालिकांमध्ये फार दिसते. पहिल्या आवृत्तीचे साल म्हणूनसुद्धा ते बरोबर नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढेच बहुतेकांच्या लक्षात असते. पण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. म्हणून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. विजयादशमी शके १८७७ म्हणजे १९५५, तर मकरसंक्रांत शके १८७७ म्हणजे जानेवारी १९५६. तिथी, सण काहीच न देता नुसते 'शके १८७७' छापले असेल, तर 'शके १८७७ [१९५५ किंवा १९५६]' असे लिहा. शकाचा शेवटचा आकडा पुसला गेला असेल, तर शेजारी संवत्सराचे नाव आहे का ते बघा. 'मन्मथनाम संवत्सर' असेल तर १८७७ पक्के, कारण तेच नाव पुन्हा यायला साठ वर्षे लागतात.

तुमचे सॉफ्टवेअर कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरसारखे मार्क पद्धतीचे, म्हणजे नोंदीतल्या प्रत्येक माहितीला क्रमांकाचे क्षेत्र देणारे असेल, तर २००४ वाया जात नाही. २६४ या क्षेत्रात दुसरा दर्शक (माहितीचा प्रकार सांगणारा आकडा) १ असेल तर ते प्रकाशनाचे साल, ३ असेल तर छपाईचे आणि ४ असेल तर कॉपीराइटचे. १९६३ दर्शक १ असलेल्या क्षेत्रात, २००४ दर्शक ३ असलेल्या क्षेत्रात. '५००' या टीपेच्या क्षेत्रात 'पहिली आवृत्ती १९५६' लिहा. रकाना खरोखरच एक असेल, तर त्यात १९६३ आणि बाकी सगळे टीपेत.

साल नसलेल्या पुस्तकांचा रकाना मात्र मोकळा सोडू नका. आधी किंमत पाहा. रुपये-आणे असतील, तर पुस्तक बहुधा १९५७च्या आधीचे, कारण १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नये पैसे असतील, तर १९५७ ते १९६४, कारण जून १९६४पासून 'नये' हा शब्द गळला. अशा वेळी '[१९५७ ते १९६४ दरम्यान]' असे चौकटी कंसात लिहा. साल पुस्तकावर छापलेले नाही, आपण काढले आहे, हे त्या कंसावरून वाचणाऱ्याला कळते. किमतीवर नवी चिकटपट्टी लावलेली असेल, तर तिच्याखालची छापील किंमत धरा. प्रकाशकाच्या किंवा मुद्रकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचे नाही. तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) दिसला, तर छपाई साधारण २००७च्या आसपासची किंवा नंतरची. प्रस्तावनेखालच्या तारखेवर एकटीवर विसंबू नका. ती पुष्कळदा पहिल्या आवृत्तीची असते आणि पुढे तशीच छापली जाते.

१९५०पर्यंतच्या पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडा. पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातले ग्रंथ आहेत.

शेवटी तुमचे दाखल रजिस्टर काढा. त्यातली तारीख प्रकाशनाची नसते, पण त्या तारखेनंतर ते पुस्तक छापलेले असू शकत नाही, म्हणजे वरची मर्यादा हाती आली. आणि अंदाजाने साल दिलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या टीपेत आधार लिहा : 'साल किमतीवरून', 'साल दाखल रजिस्टरवरून'. तुमच्यानंतर काम करणाऱ्यांना दुसरी प्रत मिळाली, तर नोंद कुठे दुरुस्त करायची हे त्यांना लगेच कळेल.