गंधक दिलेल्या प्लॅटिनमवर प्रकल्प घेऊ का?

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘सक्रिय कार्बनवरील गंधकप्रक्रिया केलेला प्लॅटिनम उत्प्रेरक’ हा विषय मला प्रकल्पासाठी सुचवला आहे. गंधकामुळे प्लॅटिनम निकामी होतं, असं आम्ही शिकलो. मुद्दाम बिघडवलेल्या उत्प्रेरकावर वर्ष घालवलं, तर पुढे नोकरी मिळेल का? वडिलांनाही हीच काळजी आहे.

उत्तर : विषय जरूर घे. गंधक हे प्लॅटिनमचं विष आहे हे खरं, पण इथे ते मोजून दिलं जातं. क्लोरोनायट्रोबेन्झीनचं (एकाच रेणूत क्लोरीन आणि नायट्रो गट असलेलं रसायन) हायड्रोजनीकरण, म्हणजे हायड्रोजनशी अभिक्रिया करताना नुसतं प्लॅटिनम नायट्रो गटाबरोबर क्लोरीनलाही हात घालतं. गंधकाने त्याचा जोर उतरवला की नायट्रोचं अमाइन होतं आणि क्लोरीन बहुतांशी जागेवर राहतो. वेग घटतो, तापमान आणि दाब बऱ्याचदा वाढवावा लागतो, तरी कारखाने हा सौदा खुशीने करतात. क्लोरीन तुटला तर माल अशुद्ध होतो, शिवाय तयार होणारं आम्ल रिअ‍ॅक्टर खातं. रबर टिकवणारी काही अमाइनंही अशाच उत्प्रेरकाने बनतात.

उत्प्रेरक बनवणं हे हाताचं काम आहे आणि ते पुस्तकातून येत नाही. कार्बन आम्लाने धुवायचा, पाण्यात कालवायचा, क्लोरोप्लॅटिनिक आम्ल हळूहळू सोडायचं, सामू सांभाळायचा, मग फॉर्माल्डिहाइडने किंवा हायड्रोजनने क्षपण, म्हणजे क्षारातल्या प्लॅटिनमचा धातू करणं, आणि त्यानंतर गंधक. धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा यायचा थांबेपर्यंत, म्हणजे क्लोराइड निघून जाईपर्यंत, धुवायचं. प्लॅटिनम असतं साधारण १ ते ५ टक्के, पण ते कणाच्या सालीवर बसलं की आत खोल गेलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आईवडिलांशी बोलताना सुरक्षेचा मुद्दा टाळू नकोस. गंधक देताना हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूशी गाठ पडू शकते, आणि त्याचं प्रमाण वाढलं की वासच येईनासा होतो. नाकावर विसंबू नकोस, फ्यूम हूड (वायू बाहेर ओढणारं बंदिस्त कपाट) आणि गॅस डिटेक्टर हवाच. प्लॅटिनमच्या क्लोराइड क्षारांनी दम्यासारखी अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि ती जडली की त्या क्षारांजवळ काम करणं जवळपास बंद होतं. म्हणून हातमोजे आणि मास्क पहिल्या दिवसापासून. तयार उत्प्रेरक ओलाच ठेव; कोरडा उत्प्रेरक मिथेनॉलच्या वाफेत पेट घेऊ शकतो.

आता नोकरीचं. निव्वळ उत्प्रेरक बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. पण औषधं, रंग, कीटकनाशकं यांच्यासाठी लागणारी मधल्या टप्प्यातली रसायनं करणाऱ्या कारखान्यांच्या प्रक्रिया विकास विभागात हायड्रोजनीकरण येणारी माणसं लागतात. वापरलेल्या उत्प्रेरकातून प्लॅटिनम परत मिळवणारा उद्योगही आहे. मुलाखतीत सूक्ष्मदर्शकाची सुंदर चित्रं फार उपयोगी पडत नाहीत. किती क्लोरीन तुटला, उत्प्रेरक पुन्हा वापरल्यावर काय झालं, प्लॅटिनमचा हिशेब जुळला का, असंच विचारतात. गाळणकागदावर राहिलेलं प्लॅटिनमही त्या हिशेबात धर.

त्यामुळे होकार देण्याआधी मार्गदर्शकांना विचार : दाबाखाली अभिक्रिया करायला ऑटोक्लेव्ह आणि नमुने तपासायला गॅस क्रोमॅटोग्राफ मिळेल का? नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेची परवानगी सत्राच्या सुरुवातीलाच लेखी घे.