दुकान खाली, घर वर: आंडेरला (लेकीला) कुठे पाठवावं?

नमस्कार भाऊ,

धुळ्याच्या जुन्या पेठेत तुमचं कापडाचं दुकान, वर घर. मुलगी अकरावी सायन्सला. शेजारचा वाडा बिल्डरने पाडला तेव्हापासून ती वहीत गल्लीचे नकाशे काढते: खाली दुकानं, वर घरं, मधे चौक, जुने लाकडी खांब तसेच. तुम्ही सिव्हिल म्हणता, ती नाही म्हणते. असलं काही शिकवतात का आणि त्यावर पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंय.

पोट भरतं, पण उशिरा. बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) पाच वर्षांचं, त्यावर अर्बन डिझाइन (वस्ती-शहराची आखणी) किंवा वारसा जतन या विषयात आणखी दोन. सिव्हिल चार वर्षांत हातात येतं. घरात चौथ्या वर्षानंतर तिच्या पगाराची गरज असेल तर मोकळेपणाने सांगा. सिव्हिल करून पुढे नगररचनेत मास्टर्स करता येतं. पण गरज नसेल, तर तुमच्या सिव्हिलच्या हट्टाला माझा पाठिंबा नाही. ती मुलगी बीमची जाडी विचारत नाहीये. इथे कोण राहणार आणि दुकानाचा माल कुठून उतरणार, हे ती विचारतेय.

तिचं हे खूळ काही परदेशी नाही. तुमचं घरच तसं आहे. १८१९च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात नव्या पेठा वसवल्या, सरळ रेषेत. गल्ल्यांना नंबर आहेत त्याचं मूळ तिथेच. अरुंद गल्लीत मे महिन्यातही एका बाजूला सावली असते. त्या जागी काचेचा दर्शनी भाग लावणाऱ्याला दुपारी दोनला आग्रा रोडवर उभं करावं, असं मला फार वाटतं. असो.

अडचण कागदावर असते. मुंबईच्या भेंडी बाजाराच्या पुनर्विकासाचं उदाहरण तिला वाचायला द्या: सुमारे साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, तीन हजारांवर कुटुंबं, बाराशेवर दुकानं. एवढ्या लोकांना आधी दुसरीकडे हलवायचं, धंदा बंद पडू द्यायचा नाही, मग परत आणायचं. तिथे जुन्याच्या जागी उंच टॉवर येताहेत, म्हणून जुनी वस्ती जपणाऱ्यांना ते पटत नाही. दोन्ही बाजू तिने ऐकाव्यात. तुमच्याच गल्लीत बघा ना: पाच भावांचं एकत्र नाव असलेलं प्रॉपर्टी कार्ड, पन्नास वर्षांचा भाडेकरू, दोन घरांत मिळून एक भिंत. एकाचं घर पाडलं की दुसऱ्याची भिंत उघडी. अग्निशमनची गाडी आत वळत नाही. राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत दाट वस्तीच्या भागाला वेगळे नियम आहेत. ते वाचायचा कंटाळा असेल तर हा धंदा तिचा नाही.

म्हणून कॉलेजच्या आधी एक काम द्या. तीस मीटरची टेप आणून येत्या सुट्टीत तिने आपलं घर मोजावं: ओटा, दुकान, जिना, धाबं (वरची गच्ची). मग दोन शेजाऱ्यांची. कोण किती वाजता शटर उघडतं, टेम्पो कुठे थांबतो, पाणी कोणत्या दिवशी येतं, म्हातारी माणसं कुठे बसतात, हेही नकाशावर लिहावं. महिनाभराने उत्साह टिकला तर ओढ खरी आहे असं समजा. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा. दुकान नोकरावर दोन तास चालेल.

प्रवेशाचं म्हणाल तर बारावीला गणित आणि फिजिक्स सोडू देऊ नका. राज्यातल्या कॉलेजांना नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई मेनचा बी.आर्क.चा पेपर चालतो. दिल्ली आणि भोपाळच्या एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) मात्र जेईईच लागते. भोपाळ आपल्याला सोयीचं, भुसावळहून थेट गाडी. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठही विचारात घ्या. २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं जुनं अहमदाबाद तिथून जवळच आहे, तिथल्या पोळांत (जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांत) खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं तिला ओळखीची वाटतील.

एक खरं सांगतो: शिकून आल्यावर धुळ्यात अशी कामं आज फारशी नाहीत. पहिली काही वर्षं पुणे-मुंबईच्या ऑफिसात जातील. त्याची तयारी तिच्याआधी वहिनींनी करायला हवी. त्या तुमच्या पत्रात कुठेच दिसल्या नाहीत, त्यांचं मत कळवा.