स्मृतिभ्रंश आणि रात्रीचे ओले अंथरूण

प्रश्न : माझ्या पतींना दीड वर्षापूर्वी अल्झायमर्सचे निदान झाले. त्यांचे वय ७१ आहे. अजून ते स्वतः कपडे घालतात, वर्तमानपत्र वाचतात, ओळखीच्या माणसांशी नीट बोलतात. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र अधूनमधून रात्री अंथरूण ओले होते. ओली चादर ते गुंडाळून कपाटात दडवतात आणि विचारले की चिडतात. संध्याकाळनंतर मी त्यांना पाणी देणे बंद केले, तरी फरक पडलेला नाही. आजार वाढला, असे समजायचे का? आणि डायपरचा विषय त्यांच्यापुढे कसा काढावा?

उत्तर : आजार वाढला, असा निष्कर्ष इतक्यात काढू नका. अल्झायमर्समध्ये लघवीवरचा ताबा सहसा आजाराच्या मधल्या किंवा शेवटच्या टप्प्यात सुटतो. जो माणूस अजून स्वतःचे कपडे स्वतः घालतो, त्याचे अंथरूण ओले होऊ लागले तर स्मृतिभ्रंशाखेरीज दुसरे काही कारण आहे का, हे आधी तपासले पाहिजे. कारण त्यांतली बरीच कारणे उपचाराने दूर होण्यासारखी असतात. लघवीचा जंतुसंसर्ग, वाढलेली रक्तशर्करा, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आणि बद्धकोष्ठता ही त्यांतली नेहमीची. आतड्यात साठलेला मळ मूत्राशयावर दाब आणतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दिवसभर पायांवर सूज असेल, तर ते पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि रात्री लघवी जास्त होते.

औषधांची यादी डॉक्टरांसमोर अवश्य ठेवा. झोपेच्या गोळीने लघवीची जाणीव होऊनही जाग येत नाही. लघवी वाढवणारी रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर तिची वेळ बदलता येईल का, हे विचारता येते. स्मृतीसाठी दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिलसारख्या औषधांमुळेही काहींना लघवी रोखून धरता येत नाही. अशा वेळी त्यावर उतारा म्हणून ऑक्सिब्युटिनिनसारखे औषध सुरू केले, तर ते डोनेपेझिलच्या नेमके विरुद्ध काम करते आणि गोंधळ वाढवू शकते. म्हणून नवी गोळी मागण्याआधी जुन्या गोळ्यांची छाननी झालेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवस साधी नोंद ठेवा : किती वाजता काय प्यायले, लघवी केव्हा व अंदाजे किती झाली, अंथरूण केव्हा ओले झाले. ताप, लघवीतून रक्त, एकाएकी वाढलेला गोंधळ, किंवा लघवी अडून नुसती थेंब थेंब गळणे, यांपैकी काही दिसले तर नोंदीसाठी थांबू नका. पाय जमिनीला चिकटल्यासारखी अडखळती चाल नव्याने दिसत असेल, तर तेही आवर्जून सांगा. मेंदूतील पाणी साठण्याच्या एका विकारात चाल, स्मृती आणि लघवी या तिन्ही गोष्टी एकत्र बिघडतात.

पाणी तोडण्याचा तुमचा उपाय समजण्यासारखा असला तरी उलटू शकतो. पाणी कमी पडले की लघवी घट्ट होऊन मूत्राशयाचा दाह होतो, बद्धकोष्ठता वाढते आणि गोंधळही वाढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी बंधन घातलेले नसेल, तर दिवसभरात सुमारे दीड लिटर द्रव पदार्थ पोटात जाऊ द्या. त्यांतला मोठा वाटा दुपारपर्यंत द्या आणि झोपण्यापूर्वीचे दोन तास फक्त घोट-दोन घोट. चहा-कॉफी दुपारनंतर टाळा. निजण्यापूर्वी एकदा लघवी झाली की थोडे थांबून पुन्हा बसवा.

कित्येकदा ताबा सुटलेला नसतोच, अंधारात संडास सापडत नाही एवढेच असते. पलंगापासून तिथपर्यंत मंद दिवा आणि दार उघडे ठेवा, वाटेतली सतरंजी काढा, नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा द्या. जाग येऊनही वेळेवर पोहोचता येत नसेल, तर पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवा.

चादर दडवण्याबद्दल त्यांना जाब विचारू नका. त्यांना शरम वाटते आहे, म्हणजे घडले ते कळते आहे. चादर मुकाट्याने बदला. गादीवर जलरोधक आवरण, त्यावर शोषक पट्टा असे दोन थर घातले की रात्री फक्त वरचा काढावा लागतो. ‘डायपर’ हा शब्द त्यांच्यापुढे न वापरलेला बरा. अंतर्वस्त्रासारखी वर ओढायची शोषक चड्डी मिळते. ‘रात्रीसाठी ही घाला, म्हणजे झोपमोड होणार नाही’ एवढे सांगून ती नेहमीच्या कपड्यांतच ठेवा. नकार दिला तर वाद न घालता काही दिवसांनी पुन्हा विचारा. सकाळी त्वचा धुऊन, टिपून झिंक ऑक्साइडचे मलम लावा.

तुमच्या झोपेचेही पाहा. नोंदीतून ओले होण्याची ठरावीक वेळ दिसली, तर त्याआधी एकदाच उठवा. दर दोन तासांनी गजर लावून दोघांनीही जागे राहण्यात लाभ नाही. त्याच खोलीत वेगळ्या पलंगावर झोपायला आणि आठवड्यातून एखादी रात्र घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवायला संकोच करू नका.