मुलीनं लोकेशन बंद केलं, म्हणजे ती काही लपवतेय का?

"मॅडम, मुलीनं लोकेशन बंद केलंय. नक्की काहीतरी लपवतेय." माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांच्या, अशी सुरुवात होणाऱ्या भेटी अलीकडे वाढल्यात. समोर कधी आई असते, कधी नवरा, कधी नुकताच साखरपुडा झालेला मुलगा. लातूरच्या एका ताईंचा अनुभव इथे सांगते आहे. मायलेकी दोघींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी 22 वर्षांची, पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससीची तयारी करणारी. खोली, अभ्यासिका आणि मेस एवढंच तिचं जग. तिला पुण्यात सोडून निघताना ताईंनी तिच्या फोनमध्ये गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग सुरू केलं आणि मुदतीच्या जागी 'बंद करेपर्यंत' निवडलं. मग सकाळी चहा ठेवला की नकाशा, दुपारी भांडी आवरली की नकाशा, रात्री झोपताना पुन्हा नकाशा.

"ती दिसली की बरं वाटतं," ताई म्हणाल्या.

"किती वेळ बरं वाटतं?"

त्या जरा थांबल्या. "पुन्हा बघेपर्यंत."

काळजीचा स्वभावच असा आहे. खात्री करून घेतली की ती घटकाभर उतरते, पण मनाला पुन्हापुन्हा खात्री करून घ्यायची सवय लागते. त्यात नकाशावरचा ठिपका खरा असेलच असंही नाही. एकदा रात्री तो अभ्यासिकेऐवजी शेजारच्या लॉजवर दिसला. मुलगी अभ्यासिकेत होती, फोन सायलेंटवर. ताईंनी कॉलवर कॉल केले, शेवटी तिच्या मैत्रिणीला फोन लावला आणि नको ते बोलून बसल्या. दाट वस्तीत, इमारतीच्या आत उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही. फोन मग आसपासचं वायफाय आणि मोबाइल टॉवर यांवरून ठिकाणाचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज शेजारच्या इमारतीवर जाणं अगदी सहज घडतं. हे ऐकल्यावर ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांनी मुलीनं लोकेशन बंद केलं. दिवाळीला ती घरी आली तेव्हा माझ्याशी एकटीच बोलायला तयार झाली. तिनं सांगितलेली गोष्ट आईच्या तर्काच्या आसपासही नव्हती.

तिच्या फोनमध्ये स्नॅपचॅट हे फोटो आणि मेसेज पाठवायचं ॲप होतं. 2017 पासून त्यात मित्रांचा नकाशा आहे. कोण कुठे आहे, कधी तिथे दिसलं, सगळं कळतं. तिनं तो 'माझे मित्र' या पर्यायावर ठेवला होता, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला ती दिसणार, पुढे जोडल्या जाणाऱ्यांनाही. त्या यादीत जुन्या क्लासच्या बॅचमधला एक मुलगा होता, दोनचार वाक्यांपलीकडे कधी न बोललेला. आधी त्याचे मेसेज आले, "आज उशिरापर्यंत अभ्यासिकेत?" मग तो मेसच्या दारात दिसायला लागला, नेमका ती जेवायला जाते त्या वेळी. एकदा त्यानं तिच्या खोलीच्या गल्लीचं नाव लिहून पाठवलं. ती इतकी घाबरली, की तिनं ॲपमधलंच नव्हे, फोनचंच लोकेशन बंद करून टाकलं. त्यात आईचा नकाशाही गेला.

"आईला का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली असती, बॅग भर आणि घरी ये."

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म याच उत्तरात आहे. आईला लेकीचा ठिपका दिवसभर दिसत होता. लेकीच्या मागावर कोणी आहे, हे मात्र दिसत नव्हतं. ते कळायचं तर मुलीनं सांगायला हवं होतं. सांगितलं तर आपलं शिक्षण सुटेल, अशी भीती ज्या मुलीला वाटते ती सांगत नाही.

पुढच्या भेटीत दोघी एकत्र बसल्या. ताई पुन्हा म्हणाल्या, "लपवण्यासारखं काही नसेल तर दाखवायला काय हरकत आहे?" तेव्हा मी त्यांना जुलै 2024 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. जामिनावर सुटलेल्या आरोपीनं गुगल मॅप्सवरून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेवावं, अशी अट घालता येणार नाही, ती खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं न्यायालयानं म्हटलं. आईनं काय करावं याचा तो निकाल नाही, मान्य. पण आरोपीलाही जो आडोसा मिळतो, तो आपल्या अभ्यास करणाऱ्या लेकीला नको का? मुलगी तेव्हा पहिल्यांदा रडली.

त्या मुलाचा विषय आम्ही आधी हातात घेतला. ब्लॉक करण्याआधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसकट. "माझ्याशी संपर्क करू नकोस" असा एकच स्पष्ट मेसेज आणि त्यानंतर शब्दही नाही. बाईनं स्पष्ट नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करून पुन्हापुन्हा संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही त्यातच येतं. पहिल्या दोषसिद्धीला 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. ताई स्वतः पुण्याला गेल्या आणि लेकीसोबत पोलीस चौकीत लेखी अर्ज देऊन आल्या. पोलिसांनी मुलाला बोलावून समज दिली, त्यानंतर तो मेसच्या आसपास फिरकला नाही. प्रसंग हातघाईचा असता तर थेट 112 लावायला सांगितलं असतं.

मग फोन. स्नॅपचॅटच्या नकाशाच्या सेटिंगमध्ये घोस्ट मोड, म्हणजे आपलं ठिकाण मित्रांपासून लपवायचा पर्याय आहे, 3 तास, 24 तास किंवा आपण बंद करेपर्यंत. तिनं शेवटचा पर्याय निवडला. इन्स्टाग्रामनंही 2025 मध्ये असाच नकाशा आणला. आपण सुरू केल्याशिवाय तो आपलं ठिकाण दाखवत नाही, पण स्टोरीला आपणच जागेचं नाव जोडलं तर ते लोकांना दिसणारच. म्हणून स्टोरी टाकायची ती तिथून निघाल्यावर. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॅमेऱ्यात लोकेशन सुरू असेल तर फोटोतच जागेची नोंद होते आणि तो फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती नोंदही सोबत जाते. कॅमेऱ्याची ती परवानगी काढलेलीच बरी.

लोकेशन कायमचं बंद ठेवा, असं मी कोणालाच सांगत नाही. अडचणीच्या वेळी त्याचा फार उपयोग होतो. पण ते कोणाला द्यायचं, हे ठरवताना लोक जवळच्या नात्याचा विचार करतात आणि अंतराचा विसरतात. रात्री दहाला अभ्यासिकेतून निघताना काही झालं तर लातूरची आई पाच मिनिटांत पोचणार आहे का? रूममेट पोचेल, मेसच्या काकू पोचतील. म्हणून व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन रात्री परतताना रूममेटला, 1 तासासाठी. त्यात 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास अशा मुदती आहेत, वेळ संपली की ते आपोआप थांबतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं लातूरला येताना मात्र 8 तासांचं, आईला. ताईंनीही एक शब्द दिला, काही वाईट घडलं तर पूर्ण ऐकून घेईन आणि 'परत ये' हे पहिलं वाक्य नसेल.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. लोकेशन मागणारा नवरा किंवा जोडीदार असेल, संशय घेणारा, हात उचलणारा असेल, तर ते अचानक बंद करू नका. त्यानं धोका वाढू शकतो. आधी विश्वासातल्या माणसाशी बोला किंवा 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, बंद कसं आणि कधी करायचं ते मग ठरवा.

निघताना ताईंनी धाकट्याचा विषय काढला. तो दहावीत, संध्याकाळी शिकवणीला सायकलवर जातो. त्याचं लोकेशन ठेवू का? ठेवा, म्हटलं, पण त्याला सांगून, शिकवणीला जाण्यायेण्यापुरतं, आणि दर काही महिन्यांनी दोघांनी बसून ठरवा की अजून गरज आहे का. ताईंनी त्याच आठवड्यात त्याला विचारलं. त्यानं एकच अट घातली, मैदानावर असताना फोन करायचा नाही. ताईंनी ती मान्य केली.