एमडी पीएमआर मिळतंय, घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नीट पीजीच्या फेरीत एमडी फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन (पीएमआर, म्हणजे अपंगत्व आलेल्यांचं पुनर्वसन) मिळतंय, घरचे म्हणतात 'मालिशच करायचं होतं तर एमबीबीएस कशाला केलंस?', मग सीट घ्यावी की पुन्हा परीक्षेला बसावं?

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात याच विषयाची तीन वर्षं काढली. मीही काही हौसेने आलो नव्हतो, ऑर्थो हुकलं म्हणून आलो.

मालिशचं आधी बघू. व्यायाम फिजिओथेरपिस्ट घेतात आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगले घेतात. निदान करणं, ताठरलेल्या स्नायूत बोटॉक्स किंवा फिनॉल कुठे नि किती द्यायचं, कॅलिपर (पायाला लावायचा आधार) गुडघ्याच्या वरपर्यंत की खाली, लघवीची व्यवस्था काय, हे ठरवणं आपलं काम. शिवाय फिजिओ, ओटी, पीओ (कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवणारे), स्पीच थेरपिस्ट, समाजसेवक या सगळ्यांची मोट बांधायची. (आमच्याकडे ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. पहिल्याच आठवड्यात मी एका काकांना 'उद्या सकाळी ओटी आहे' एवढंच सांगितलं. ऑपरेशन समजून त्यांनी रात्रीपासून पाणीसुद्धा सोडलं.)

इथली केस हिस्ट्री ऐकून इतर विभागांचे रेसिडेंट हसतात. संडास घरात की बाहेर? कमोड की खाली बसायचा? उंबरठा किती उंच? झाडावरून पडून पाठीचा कणा मोडलेला कोकणातला तिशीचा माणूस व्हीलचेअर शिकून घरी जातो आणि न्हाणीघराचं दार अरुंद निघतं. मग तीन महिन्यांची मेहनत त्या दारातच अडते. हे मी एकदा विचारायला विसरलो होतो, म्हणून सांगतोय.

'आरामाची ब्रँच' हे अर्धंच खरं. रात्री झोप मिळते, पण बेसावध राहून चालत नाही. डी ४ ला (पाठीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर) मज्जारज्जूला इजा झालेला एक पेशंट, रात्री दोनला डोकं फुटतंय म्हणून ओरडत होता. चेहरा लाल, घामाने भिजलेला, बीपी दोनशेच्या वर. मी बीपीची गोळी शोधत होतो. तेवढ्यात सिस्टरने त्याला बसवलं, पांघरूण उचललं आणि मांडीखाली दुमडलेली कॅथेटरची नळी सरळ केली. पिशवी भरू लागली तसं बीपी उतरलं. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया मी पाठ केला होता: डी ६ ला किंवा त्याच्या वर इजा असेल तर तुंबलेल्या मूत्राशयामुळे खालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि 'थांबा' हा मेंदूचा निरोप इजेच्या खाली पोचतच नाही. पाठ होता, पण पांघरूण उचलायचं सुचलं नाही.

रटाळ भाग म्हणजे दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रं. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, पण बहुतेक सवलतींचा उंबरठा ४० टक्क्यांचाच आहे. समोर पोलिओचा पाय घेऊन बसलेला माणूस, तुमचं गणित ३६ वर थांबतं आणि तो म्हणतो, 'साहेब, चार टक्क्यांनी तुमचं काय जातंय?' याला उत्तर मला तीन वर्षांत सापडलं नाही. गणित मात्र बदलायचं नाही.

पैशाचं स्पष्टच सांगतो. सुरुवातीला ओढाताण होते. गावात पाटी लावली की लोक तुम्हाला 'हाडांचे डॉक्टर' किंवा 'शेक देणारे' समजतात. ऑर्थो आणि न्यूरोवाले पेशंट पाठवू लागेपर्यंत धीर लागतो. शस्त्रक्रियेशिवाय करमणार नसेल, तर सरळ पुन्हा परीक्षेला बसा. मनात ऑर्थो ठेवून इथे आलेले माझे दोन सहकारी तिन्ही वर्षं कुढत राहिले.

घरच्यांना सांगायला एखादं नाव हवं असेल तर वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचं सांगा. १९५४ च्या अपघातात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तरी व्हीलचेअरवर बसून त्या कुष्ठरुग्णांच्या हातांच्या शस्त्रक्रिया करत राहिल्या. पुढे न्यूयॉर्कला हॉवर्ड रस्क यांच्याकडे हा विषय शिकून आल्या आणि वेल्लोरला विभाग उभा केला.

सीट घ्यायच्या आधी त्या कॉलेजात जाऊन एक दिवस बसा आणि तिथल्या जेआरला (ज्युनियर रेसिडेंटला) गाठा, विभागप्रमुखांना नको. विभागाला स्वतःचे बेड आहेत का, की नुसती ओपीडी आणि प्रमाणपत्रं? ईएमजीची (स्नायूंच्या विद्युत तपासणीची) सुई रेसिडेंटच्या हातात येते का? कॅलिपर आणि कृत्रिम पाय बनवणारं वर्कशॉप आवारात आहे का? बेड नसतील तर मी ती सीट सोडेन. कणा मोडलेला माणूस पहिल्या दिवसापासून घरी जाईपर्यंत रोज पाहिल्याशिवाय हा विषय येत नाही. बेड असतील तर घ्या, आणि पहिल्या पगारातून एक मेजरिंग टेप विकत घ्या. दारं मोजायला लागते.