हवेत मोटर बंद करण्याचं सेटिंग

प्रश्न : लग्नांत ड्रोन उडवतो. डीजेआय फ्लाय ॲपमधलं ‘इमर्जन्सी प्रोपेलर स्टॉप’ कशावर ठेवू?
– एक फोटोग्राफर, सातारा

उत्तर : ‘इमर्जन्सी ओन्ली’वर. त्यात रिमोटच्या दोन्ही स्टिक खाली आतल्या कोपऱ्यांत ओढल्या, तरी मोटरी हवेत बंद होतात त्या फक्त संकटातच : ड्रोन धडकला, मोटर अडकली, तो हवेत कोलांट्या खायला लागला किंवा ताबा सुटून झपाट्यानं वर-खाली जाऊ लागला तर. ‘एनीटाइम’मध्ये मात्र तीच खूण कधीही चालते, आणि पाती थांबली की ड्रोन थेट वऱ्हाडावर! (मुळात माणसांच्या डोक्यावर उडवताच कशाला?) मी तर ‘एनीटाइम’ला हातही लावत नाही. उतरल्यावर मोटरी थांबवायला थ्रॉटलची (ड्रोन वर-खाली नेणारी) स्टिक खाली दाबून धरा, तेवढं पुरतं.